नवें वस्त्र आणि ख्रिस्ती मनुष्याचा विवेक

पावसाळा सरला, आकाश निवळलें, उडीद व सोयाबीन यांची मळणी होऊन शेतकऱ्याच्या हातीं दोन पैसे आले, म्हणजे आमच्या सोलापूर जिल्ह्यांत कपड्यांचा हंगाम सुरू होतो. नवरात्र, दसरा व दिवाळी या सणांनिमित्त शहरांतील नवी पेठ आणि तालुक्याच्या गांवचे बाजार गजबजून जातात. आणि पुढें लवकरच नाताळ येत असल्यामुळें ख्रिस्ती घरांतूनही याच दिवसांत वस्त्रांचा विचार चालू होतो. दुकानांच्या दारांत यंदाचे नवे नमुने टांगलेले असतात. मुंबई-दिल्लीच्या डिझायनरांनीं या शरद् ऋतूंत कोणता रंग व कोणती धाटणी पुढें आणली, हें मोबाइलच्या पडद्यावर वाडीवस्तीवरील मुलीलाही त्याच दिवशीं समजतें.

अशा वेळीं आमच्या मंडळ्यांतून एक प्रश्न हटकून निघतो. ख्रिस्ती मनुष्यानें नव्या धाटणीच्या वस्त्रांची हौस करावी कीं नाहीं? या प्रश्नाला दोन उत्तरें नेहमीं मिळतात. कोणी म्हणतात, देव अंतःकरण पाहतो, अंगावर काय आहे याच्याशीं धर्माला कर्तव्य नाहीं. ज्याला जें आवडेल तें त्यानें ल्यावें. दुसरे म्हणतात, नटणें हें सर्वस्वीं जगाचें काम आहे. ख्रिस्ती बाईनें जाडेंभरडें नेसावें आणि पुरुषानें जुनें धुवून घालावें, यांतच भक्ति आहे. हीं दोन्ही उत्तरें आम्हांस फार सोपीं वाटतात. आणि जें उत्तर फार सोपें असतें तें बहुधा कोणावर तरी अन्याय करून आलेलें असतें. म्हणून वाचकांनीं आमच्याबरोबर या विषयाचा थोडा शांतपणें विचार करावा, अशी विनंती आहे.

प्रथम वस्त्राची निंदा करणाऱ्यांस आमचें सांगणें आहे. पवित्र शास्त्रांत मनुष्याला पहिलें टिकाऊ वस्त्र कोणी दिलें? उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांत आदाम व हव्वा यांस देवानें स्वतः चामड्याचीं वस्त्रें करून घातलीं, असें आपण वाचतों. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायांतील सद्गुणी स्त्री आपल्या घरच्यांस किरमिजी वस्त्रें घालते आणि तागाचीं वस्त्रें विणून व्यापाऱ्यांस विकते. तिची कोणी निंदा करीत नाहीं, उलट तिची स्तुति वेशींत होते. उधळा पुत्र परत आला तेव्हां बापानें जेवणाच्याही अगोदर उत्तम झगा आणविला. फिलिप्पै येथें पौलाचा संदेश ऐकून पहिल्यानें आपलें घर उघडणारी लुदिया ही जांभळ्या वस्त्रांची विक्री करणारी होती. यापो येथील दुर्कस मरण पावली तेव्हां विधवांनीं पेत्रापुढें काय मांडलें? तिनें त्यांच्यासाठीं केलेले अंगरखे व वस्त्रें. म्हणजे वस्त्र ही प्रीतीची साक्ष होऊं शकते, हें शास्त्राला मान्य आहे.

मग पेत्रानें व पौलानें सोनें, मोत्यें व मोलवान पोशाख यांविषयीं जो इशारा दिला त्याचें काय? तो इशारा खरा आहे व तो आम्ही मागें घेत नाहीं. परंतु तो कोणास दिला आहे हें पाहावें. ज्यांच्या पेटींत सोनें व मोत्यें होतीं त्यांस तो दिला आहे. मोत्यें टाकून देण्याचा उपदेश ज्याला लागू पडतो त्याच्या घरीं आधीं मोत्यें असावीं लागतात. तोच उपदेश, ज्या बाईनें वर्षभर ऊस तोडून नाताळासाठीं एक नवें पातळ घेतलें तिच्या अंगावर फेंकणें, हें वचनाचा चुकीचा उपयोग करणें होय.

येथें आमच्या लोकांचा इतिहास विसरून चालणार नाहीं. आम्ही काय ल्यावें हें पुष्कळ पिढ्या आमच्या हातीं नव्हतें. गांवकीच्या जुन्या व्यवस्थेंत मृताच्या अंगावरील वस्त्र हा महारांचा हक्क समजला जाई. म्हणजे ज्याला जिवंतपणीं शिवावयाचें नाहीं त्याला मेलेल्याचें वस्त्र द्यावयाचें, आणि त्याला हक्क असें नांव ठेवावयाचें. दक्षिणेंत त्रावणकोर संस्थानांत नाडार स्त्रियांना छाती झांकण्याचीही मोकळीक नव्हती. त्यांच्यांतील ज्या ख्रिस्ती झाल्या त्यांनीं अंगावर वस्त्र घेतलें म्हणून त्यांचीं वस्त्रें भर बाजारांत फाडण्यांत आलीं. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १८५९ सालीं राजाच्या जाहीरनाम्यानें त्यांस अंग झांकण्याची परवानगी मिळाली. तीही उच्च वर्णाच्या स्त्रियांची धाटणी वगळून! आमच्या महाराष्ट्रांत १९२७ च्या डिसेंबर महिन्यांत महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जमलेल्या स्त्रियांस स्पष्ट सांगितलें कीं, ज्या नेसण्यावरून व ज्या जडशीळ दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते तें नेसणें व ते दागिने टाकून द्या, इतर स्त्रियांप्रमाणें नेसा, आणि वस्त्र फाटकें असलें तरी तें स्वच्छ ठेवा. हें ऐकून स्त्रियांनीं आपलें नेसणें बदललें. त्या दिवशीं त्या नटत नव्हत्या. त्या ताठ उभ्या राहत होत्या.

यावरून एक तत्त्व निघतें. साधेपणा हा सद्गुण खरा, परंतु ज्याला दुसरें कांहीं घेतां आलें असतें आणि ज्यानें आपण होऊन साधें घेतलें त्याचाच तो सद्गुण आहे. लादलेलें दारिद्र्य म्हणजे साधेपणा नव्हे. म्हणून कोणी सुखवस्तु ख्रिस्ती मनुष्य गरीब बहिणीच्या नव्या लुगड्याकडे पाहून नाक मुरडील, तर दोष तिच्या लुगड्यांत नसून त्याच्या डोळ्यांत आहे असें आम्ही म्हणूं. स्वच्छ व नीटनेटकें वस्त्र अंगावर घालून, वेशीच्या आंतून मान वर करून चालणें, ही आमच्या कित्येक आजोबा-आजींच्या बाबतींत शुभवर्तमानाची पहिली दिसणारी साक्ष होती.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. जो म्हणतो कीं वस्त्राशीं धर्माला कर्तव्य नाहीं, त्यानें फॅशन ही चीज चालते कशी हें समजून घ्यावें. फॅशन म्हणजे नुसतें सुंदर वस्त्र नव्हे. आमच्या आजीचें इरकली लुगडें आणि खणाची चोळी चाळीस वर्षांनीं पेटींतून काढली तरी सुंदरच दिसते. फॅशन मात्र एका हंगामांत मरते, आणि तिनें मरावें हीच तिच्या कर्त्यांची योजना असते. १८५८ सालीं पॅरिस शहरीं चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज गृहस्थानें कपड्यांची पेढी काढली. तोंवर शिंपी बहुधा गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणें शिवीत असे. वर्थनें नमुने आधीं स्वतः तयार करून ते तरुणींच्या अंगावर घालून दाखविण्याचा आणि वस्त्रावर आपल्या नांवाची पट्टी शिवण्याचा प्रघात पाडला. पुढें वर्षाचे दोन हंगाम ठरले, आणि शरद् व हिवाळा यांचीं वस्त्रें सहा महिने अगोदरच दाखवावयाचीं असा युरोपांत शिरस्ता पडला. आमच्या देशांत हा हंगाम सणांशीं व लग्नसराईशीं जोडला गेला. यांतील मर्म असें कीं, गेल्या वर्षाचें वस्त्र फाटण्याच्या आधीं जुनें ठरलें पाहिजे. नाहींतर नवें विकलें जाणार नाहीं. तें जुनें कशानें ठरतें? उंदरानें नव्हे, कसरीनेंही नव्हे, शेजारणीच्या दृष्टीनें. म्हणजे या व्यापाराचें खरें भांडवल कापड नसून मनुष्याची लाज हें आहे.

आमच्या भाषेंत हौस आणि हव्यास हे दोन निराळे शब्द आहेत, आणि ते निराळे आहेत हें देवाचे उपकार. हौस वस्त्र मिळाल्यावर तृप्त होते. हव्यासाला तें मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं भूक लागते. हौस म्हणते, हा रंग मला शोभतो. हव्यास म्हणतो, हा रंग तिच्याजवळ आहे. हौस आपल्या लेकराच्या अंगावर नवा सदरा पाहून आनंदते. हव्यास शेजाऱ्याच्या लेकराच्या अंगावर तो पाहून खिन्न होतो. पहिल्या गोष्टींत पाप आहे असें आम्हांस दिसत नाहीं. दुसरीला दहाव्या आज्ञेंत नांव दिलेलें आहे.

हव्यासाचें पहिलें फळ म्हणजे कर्ज. ऋण काढून सण करणें ही म्हण आमच्या पूर्वजांनीं अनुभवानें केली. परंतु त्यांच्या वेळीं ऋण काढावयाला सावकाराच्या ओसरीवर तरी जावें लागे, व तेथें बसतां बसतां मनुष्य दोनदां विचार करी. आतां खाटेवर पडल्या पडल्या बोटानें वस्त्र मागवितां येतें आणि पैसे पुढें हप्त्यांनीं द्यावयाचे असतात. बचत गटांतून शेळीसाठीं किंवा शिवणयंत्रासाठीं काढलेली रक्कम दिवाळीच्या खरेदींत गेली, असें अनेक ठिकाणीं घडतें. मोशेच्या नियमशास्त्रांत देवानें सांगितलें कीं, गरिबाचें पांघरूण गहाण घेतलें तर सूर्यास्तापूर्वीं परत दे, कारण तेवढेंच त्याच्या अंगावरचें आहे. आणि आमोस संदेष्ट्यानें गहाण घेतलेल्या वस्त्रांवर पसरणाऱ्यांस कडक शब्दांनीं फटकारलें. त्या काळीं पोटासाठीं वस्त्र गहाण पडे. आज वस्त्रासाठीं पोट गहाण पडतें, आणि तें गहाण घालणारे आपणच असतों. हिशेब करून पाहा. समजा, पंधराशे रुपयांची साडी घेतली आणि ती तीन वेळां नेसून जुनी म्हणून ठेवून दिली, तर प्रत्येक नेसण्याला पांचशे रुपये पडले. समजा, सहाशेंची चांगली सोलापुरी चादर घेतली आणि ती दहा हिवाळे पांघरली, तर हिवाळ्याला साठ रुपये पडले. किंमत दुकानांत एक असते आणि घरांत दुसरी असते.

दुसरी गोष्ट याहून भारी आहे, आणि सोलापूरकरांनीं तरी ती विसरूं नये. वस्त्र हें कोणाच्या तरी हातांतून येतें. हें शहर कापडावर वाढलें. ज्या गिरणीला लोक जुनी गिरणी म्हणत ती १८७७ सालीं सुरू झाली. मागून विष्णु, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या निघाल्या, आणि त्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस उगवे व मावळे. पुढें त्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं हातमागावर व यंत्रमागावर धंदा टिकविला. घरांतील बाई विड्या वळते आणि पुरुष मागावर उभा राहतो, असा संसार हजारोंचा चालला. सोलापुरी चादरीला २००५-०६ च्या सुमारास भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. तरी परगांवचा हलका माल सोलापुरी म्हणून विकणारे आहेतच, व स्वस्त मिळाला म्हणून तो घेणारेही आहेत.

स्वस्त म्हणजे काय? गिऱ्हाइकानें जें भरलें नाहीं तें दुसऱ्या कोणीतरी भरलें. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत ढाक्याजवळ राणा प्लाझा नांवाची इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसें मेलीं; त्यांत बहुतेक परदेशच्या दुकानांसाठीं कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशीं भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांस कामावर बोलाविलें गेलें. आमच्या सोलापुरांतच १८ मे २०२५ रोजीं अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत एका टॉवेलच्या कारखान्यास आग लागून आठ जण प्राणास मुकले. त्यांत मालक, त्यांच्या घरचीं माणसें आणि कामगार असे सारेच होते. या गोष्टी आम्ही कोणास दोष देण्यासाठीं सांगत नाहीं. ज्या टॉवेलानें आपण सकाळीं तोंड पुसतों त्यामागें माणसें आहेत, एवढेंच स्मरण व्हावें म्हणून सांगतों. मजुरांची अडकवून ठेविलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानीं जाते, असें याकोबानें लिहिलें आहे. वस्त्रालाही मग तोंड असतें म्हणावयाचें.

आणखी एक उदाहरण जवळचें आहे. कोल्हापुरी चप्पल या नांवाला २०१९ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि त्या नांवाच्या क्षेत्रांत महाराष्ट्राचे चार जिल्हे घेतले, त्यांत आमचा सोलापूर जिल्हाही आहे. २०२५ च्या जून महिन्यांत इटलीच्या मिलान शहरीं प्राडा या बड्या पेढीनें तशाच धाटणीच्या चपला आपल्या प्रदर्शनांत मांडल्या, आणि प्रथम कोल्हापूरचें नांवही घेतलें नाहीं. येथें ओरड झाल्यावर पेढीनें मूळ कारागिरांचें ऋण मान्य केलें. ज्या हातांनीं कातडें कमावलें म्हणून गांवानें त्यांस शिवून घेतलें नाहीं, त्याच हातांची कला तिकडे मोलाची ठरली. यावरून आमच्या तरुणांनीं दोन गोष्टी घ्याव्या. आपल्या घरच्या कसबाची लाज बाळगूं नये. आणि जें वस्त्र वा जोडा आपण घेतों त्याच्या कर्त्याचें नांव पुसूं देऊं नये.

येथें कोणी अडचण काढील, आणि ती अडचण खरी आहे. तो म्हणेल, तुम्ही लोकांस कमी खरेदी करा म्हणून सांगतां. मग विणकर, शिंपी व दुकानावरील पोऱ्या यांनीं खावें काय? हंगामाच्या या दोन महिन्यांवरच त्यांचें वर्ष चालतें. या प्रश्नाचें पुरतें उत्तर आमच्याजवळ आहे असा आव आम्ही आणीत नाहीं. तथापि इतकें म्हणतां येईल कीं, विणकरानें आमच्याजवळ दया मागितली नाहीं, त्यानें दाम मागितला आहे. चार हलकीं वस्त्रें पाडून मागण्यापेक्षां दोन चांगलीं योग्य दामानें घेतलीं, तर आमचा खर्च तोच राहतो, विणकराच्या घामाला किंमत येते, आणि वस्त्र टिकतें. गांवच्या शिंप्याकडे शिवलें, फाटलें तें त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतलें, तर पैसा गांवांतच फिरतो. मिशनांनींही ही गोष्ट पूर्वीं ओळखली होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं हातमाग सुधारण्याचा उद्योग केला, तो विणकराचें काम जलद होऊन त्याला दोन घांस अधिक मिळावे म्हणून. पौल स्वतः तंबू शिवीत होता. त्यानें कापडाचा धंदा हलका मानला नाहीं.

मग ख्रिस्ती मनुष्याचा पोशाख कसा असावा? सर्वांचा एकसारखा असावा असें आम्हांस वाटत नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. परंतु गोऱ्या लोकांचा झगा त्यांनीं पत्करला नाहीं. केडगांवच्या मुक्तिसदनांत शेंकडों मुलींची आई झाल्यावरही त्यांच्या अंगावर साधें पांढरें लुगडें असे. साधु सुंदरसिंग १९०५ सालीं ख्रिस्ती झाले आणि त्यांनीं या देशाच्या संन्याशाचें भगवें वस्त्र घेतलें. दोघांचे पोशाख निराळे, परंतु दोघांनींही तो दुसऱ्याला पाहून घेतला नाहीं. आपल्या कामाला काय साजेल आणि आपल्या लोकांच्या जवळ कसें राहतां येईल, हें पाहून घेतला. आम्ही याला पोशाखाची खरी ऐट म्हणतों. जें वस्त्र घातल्यावर धुळीनें माखलेल्या लेकराला उचलून घेण्यास मन कचरतें, तें कितीही मोलाचें असलें तरी ख्रिस्ती मनुष्याला आंखूडच झालें असें समजावें.

आतां ज्या कारणासाठीं आम्ही हा लेख लिहिला तें सांगतों. प्रत्येक पाळकाला व उपदेशकाला ठाऊक आहे कीं, नाताळच्या दिवशीं कांहीं माणसें उपासनेला येत नाहींत. विचारलें तर कोणी सांगतो ताप होता, कोणी सांगतो गुरांकडे जावें लागलें. खरें कारण पुष्कळदां असें असतें कीं, लेकरांना नवे कपडे घेतां आले नाहींत, आणि सर्वांच्या नव्या कपड्यांत जुन्यानें बसण्याची लाज वाटली. जो गोठ्यांत जन्मला आणि फडक्यांत गुंडाळला गेला, त्याच्याच जन्मदिवशीं फडकीं नेसणाऱ्यांस दारांत येण्याची लाज वाटावी, याहून मोठा उलटा प्रकार कोणता? आणि ती लाज त्यांच्या मनांत घातली कोणी? दुकानदारानें नव्हे, मिलानच्या पेढीनेंही नव्हे. आमच्या दृष्टीनें, आमच्या कुजबुजीनें, आणि अंगठीवाल्यास पुढची खुर्ची देण्याच्या आमच्या संवयीनें घातली. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आमच्या मंडळ्यांसाठींच लिहिला आहे असें वाटतें.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस व बायबल बायांस आमची सूचना अशी आहे. सणाच्या आधींच्या आठवड्यांत घरोघर जावें आणि कोण येणार नाहीं हें आधींच ओळखावें. जेथें लेकराला खरोखर वस्त्र नाहीं तेथें दुर्कसेप्रमाणें कोणी गाजावाजा न करितां तें शिवून द्यावें. वेदीपुढें बोलावून, फोटो काढून देऊं नये, कारण तसें दिलेलें वस्त्र अंग झांकतें आणि मन उघडें पाडतें. मंडळींतील पुढाऱ्यांनीं त्या दिवशीं आपण होऊन धुतलेलें जुनें वस्त्र घालून यावें. त्यानें इतरांची लाज आपोआप उतरेल. विधवा बहिणीनें रंगीत नेसलें तर कोणी भुंवई चढवूं नये. तिला पांढऱ्यांत कोंडणारा नियम ख्रिस्तानें केलेला नाहीं. आणि घरांतील कर्त्या माणसानें खरेदीच्या आधीं स्वतःस चार प्रश्न विचारावे: हें रोख पैशानें घेतों आहें काय? हें मला शोभतें म्हणून घेतों, कीं दुसऱ्याजवळ आहे म्हणून? याच्या कर्त्याला पोटभर मिळालें असेल काय? आणि हें घालून मी सर्वांत गरीब भावाच्या शेजारीं बसूं शकेन काय? चारी प्रश्नांचें उत्तर मनाजोगें आलें, तर खुशाल घ्यावें, आनंदानें घालावें, आणि देवाचे उपकार मानावे.

आपल्या प्रभूजवळ एकच चांगलें वस्त्र होतें, असें योहानाच्या शुभवर्तमानावरून दिसतें. तो अंगरखा वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता, त्याला शिवण नव्हती. कोणा अनामिक विणकराचें तें उत्तम काम होतें, आणि प्रभूनें तें अंगावर घालण्यांत कमीपणा मानला नाहीं. शिपायांनींही तो फाडला नाहीं, इतका तो चांगला होता. परंतु आमच्यासाठीं तो त्याच्या अंगावरून उतरविला गेला, आणि तो उघडा राहिला म्हणून आम्ही पांघरलेले आहों. हें ज्यानें मनांत धरलें, त्याला नव्या वस्त्राचा गर्वही होणार नाहीं आणि जुन्या वस्त्राची लाजही वाटणार नाहीं.